अठरा रविवार : धुळ्याच्या तुरुंगातील नेतृत्वाचा एक पाठ

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. खानदेशात रथोत्सवांची परंपरा मोठी आहे. जळगावातला श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीचा, तर पिंप्राळ्याचा आषाढीचा. रथ म्हटला की आपले लक्ष वरच्या मूर्तीकडे आणि दोर ओढणाऱ्या गर्दीकडे जाते. पण लाकडी चाकांचा तो अवजड डोलारा अरुंद रस्त्यांतून सुखरूप नेण्याचे काम आणखी काही माणसे करत असतात. ती वाकून चाकांजवळून चालतात आणि वेळ साधून चाकाखाली लाकडी मोगरी लावतात. मोगरीने रथ थांबतो, मोगरीनेच वळतो. लोकांच्या ओढण्यातला जोर ही माणसे कमी करत नाहीत. तो जोर घरांच्या भिंतींवर जाऊन आदळणार नाही, एवढे पाहतात.

संकटकाळातील नेतृत्वाचा विचार करताना हे मोगरीवाले आठवतात, कारण आपल्याकडे या विषयावर जे लिहिले जाते त्यात बहुधा रथावर उभ्या असलेल्या माणसाचे वर्णन असते. त्याची दूरदृष्टी, त्याचा निर्धार, त्याचे वक्तृत्व. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र अगदी जवळ, पिंप्राळ्याहून सुमारे ९० किलोमीटरवर, धुळ्याच्या तुरुंगात, वेगळ्या प्रकारच्या नेतृत्वाचा लेखी पुरावा सापडतो. तो पुरावा म्हणजे विनोबांची ‘गीता प्रवचने’. हे पुस्तक आपण भाष्यग्रंथ म्हणून वाचतो. काही जण ते मराठी गद्याचा नमुना म्हणून वाचतात. पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसताना एका माणसाने आपल्या सहकाऱ्यांना कसे सांभाळले, याचा दस्तऐवज म्हणून ते वाचता येईल का, हे प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

आधी काळ ध्यानात घेऊ. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतलेले गांधीजी २८ डिसेंबर १९३१ रोजी मुंबईला उतरले आणि ४ जानेवारी १९३२ रोजी त्यांना अटक झाली. काँग्रेसच्या संघटना बेकायदा ठरल्या, वटहुकूम निघाले, देशभर धरपकड सुरू झाली. १९३० च्या सत्याग्रहात तुरुंगात जाताना लोकांच्या मनात एक उत्सव होता. १९३२ साली तो राहिला नव्हता. एकदा तडजोड होऊन मोडली होती. लढा किती चालेल, नेते कधी सुटतील, आपल्यामागे घरी काय होत असेल, जप्त झालेली जमीन परत मिळेल की नाही, या प्रश्नांची उत्तरे कोणाजवळच नव्हती. तुरुंगातला माणूस अशा वेळी दोन टोकांपैकी एकाकडे झुकतो. एक तर तो अधिकाऱ्यांशी रोज नवे भांडण काढून आपले तेज टिकवू पाहतो, नाही तर शिक्षेचे दिवस मोजत आतून विझत जातो.

पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण असलेल्या धुळ्याच्या तुरुंगात त्या वर्षी जी मंडळी एकत्र आली ती एका साच्यातली नव्हती. जमनालाल बजाजांसारखे धनिक व्यापारी त्यांत होते, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकाची नोकरी १९३० साली सोडून सत्याग्रहात पडलेले साने गुरुजी होते, आणि नाव कोणत्याही पुस्तकात न आलेले कितीतरी कार्यकर्ते होते. कोणी शास्त्र जाणणारा, कोणी जेमतेम अक्षरओळख असलेला. शिक्षांच्या मुदती वेगवेगळ्या. आज शेजारी बसलेला उद्या सुटून जाईल किंवा दुसऱ्या तुरुंगात हलवला जाईल, अशी स्थिती. ‘समूह’ हा शब्द इथे फार सैल अर्थानेच वापरावा लागतो.

विनोबा त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते. गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद, म्हणजे ‘गीताई’, त्यांनी नुकताच पुरा केला होता, आणि त्याची पहिली आवृत्ती याच १९३२ साली निघाली. धुळ्याच्या तुरुंगात रविवार, २१ फेब्रुवारी १९३२ रोजी त्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. अठरावे प्रवचन रविवार, १९ जून १९३२ रोजी झाले. या दोन तारखांमधले रविवार मोजून पाहावेत. पहिला आणि शेवटचा धरून ते बरोबर अठरा भरतात. अठरा अध्याय, अठरा रविवार, एकही खाडा नाही. खानदेशातला फेब्रुवारी ते जून हा काळ कसा असतो हे सांगायला नको. तुरुंगाच्या भिंती चैत्र-वैशाखात कशा तापतात याची कल्पना कोणालाही करता येईल.

वरवर पाहता हा नुसता हिशेब आहे, पण नेतृत्वाचा पहिला धडा मला त्यातच दिसतो. बाहेरचे काहीच आपल्या हातात नसते तेव्हा नेत्याला मोह होतो तो शेवटाचे आश्वासन देण्याचा. अमुक महिन्यात सुटू, तमुक महिन्यात तडजोड होईल. असे आश्वासन खोटे ठरले की माणसे आधीपेक्षा अधिक खचतात. विनोबांनी शेवटाविषयी काही कबूल केले नाही. त्यांनी पुढचा रविवार दिला. तो जवळ होता, मोजता येत होता आणि पाळता येण्यासारखा होता. शिवाय प्रत्येक रविवारी एक अध्याय आपल्यापुरता पुरा होत असे. त्यामुळे पाचव्या रविवारनंतर सुटून गेलेला माणूस पाच पूर्ण गोष्टी बरोबर घेऊन गेला आणि सातव्या रविवारी आलेल्याला आपण अर्ध्यातून आलो असे वाटण्याचे कारण उरले नाही. संपूर्ण प्रवास अनिश्चित, पण प्रत्येक मुक्काम निश्चित, अशी ही रचना होती.

ही जाणीव आपण आज विनोबांवर लादतो आहोत असेही नाही. अठराव्या प्रवचनाच्या आरंभीच त्यांनी ती बोलून दाखविली आहे. तुरुंगात पावलोपावली अनिश्चितता असते, इथे हाती घेतलेले काम इथेच पुरे होईल असे धरून चालता येत नाही, सुरुवात केली तेव्हा हे शेवटास जाईल असे वाटलेही नव्हते, असा त्या आरंभाचा आशय आहे. म्हणजे अठरा आठवडे हा माणूस पूर्ततेची खात्री मनात न धरता बोलत होता, आणि तसे त्याने श्रोत्यांना शेवटच्या दिवशी सांगूनही टाकले. फळाची आसक्ती सोडून कर्म करण्याचा सिद्धान्त सांगणारे पुष्कळ असतात. इथे सिद्धान्त सांगण्याचे कामच त्या सिद्धान्ताप्रमाणे चालले होते.

नवव्या अध्यायाचे प्रवचन, हिशेबाने १७ एप्रिलचे, याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. आज आपला घसा दुखतो आहे, आवाज सर्वांपर्यंत पोचेल की नाही कोण जाणे, असे सांगून विनोबा सुरुवात करतात आणि तेथून थोरल्या माधवरावांच्या अंतकाळाच्या कथेकडे वळतात. माधवरावांना दुखण्यापेक्षा देवाचे नाव घेण्यास मोकळा असलेला कंठ अधिक मोलाचा वाटला, असे त्या कथेचे सार. प्रवचनकाराने आपली अडचण लपविली नाही, तिचे भांडवलही केले नाही. त्या दिवशीचा विषय भक्तीचा आणि समर्पणाचा, आणि दुखरा घसा त्या विषयात सहज सामावून गेला. नेत्याने स्वतःची दुबळी बाजू केव्हा आणि किती दाखवावी, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. धुळ्यात त्याला मिळालेले उत्तर चार-सहा वाक्यांचे आहे. जे आहे ते सांगावे आणि कामाला लागावे.

दुसरा धडा श्रमाचा. सक्तमजुरीच्या कैद्याला दळणासारखी कामे असत. सत्याग्रही मंडळींत या कामाविषयी नाराजी असणे स्वाभाविक होते. सरकारने लादलेले काम चुकविणे हाही लढ्याचाच भाग, असे कोणालाही वाटू शकते. विनोबांची भूमिका निराळी होती. जो खातो त्याने श्रम केले पाहिजेत, मग तो तुरुंगात असो की आश्रमात, असे ते मानत. त्यांनी काम मागून घेतले आणि सहकाऱ्यांनाही त्याकडे शिक्षा म्हणून न पाहता आपले काम म्हणून पाहायला लावले. सत्तेने लादलेली गोष्ट आपलीशी केली की तिच्यातला अपमान निघून जातो. यात शरणागती आहे असे काहींना वाटेल, आणि हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्याकडे पुढे येऊ.

प्रवचनांत या श्रमाचे प्रतिबिंब जागोजाग आहे. चौथ्या अध्यायात विनोबा कर्म, विकर्म आणि अकर्म अशी मांडणी करतात. त्यांच्या मते विकर्म म्हणजे बाहेरच्या कर्माला जोडलेले मनाचे आतले कर्म. ते जोडले गेले की कर्माचा भार उतरतो. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरविते त्यात क्रिया अगदी साधी असते, पण मन त्यात उतरलेले असल्यामुळे तिचे मोल बदलते, असा त्यांचा दृष्टान्त आहे. चौदाव्या अध्यायात तमोगुणावर उपाय म्हणून ते शरीरश्रमच सांगतात. हे विवेचन आरामखुर्चीतल्या श्रोत्यांपुढे झालेले नाही. ते ऐकणाऱ्यांचे हात आठवडाभर कामात राबलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या परिच्छेदांचा अर्थ बदलतो. तिथे तत्त्वज्ञान सांगितले जात होते आणि त्याच वेळी सोमवारी सकाळी पुन्हा करावयाच्या कामाची मानसिक तयारीही करून घेतली जात होती.

पहिल्या अध्यायातला न्यायाधीशाचा दृष्टान्तही असाच पाहावा. शेकडो आरोपींना फाशी सुनावणारा न्यायाधीश स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच फाशीच्या शिक्षेच्या अमानुषतेवर बोलू लागतो. अर्जुनाचा प्रश्न अहिंसेचा नव्हता, आप्तमोहाचा होता, हे त्यातून विनोबांना दाखवायचे आहे. तुरुंगात बसलेल्या, घरच्या काळजीने व्याकुळ झालेल्या माणसांना पहिल्याच दिवशी हे सांगणे सोपे नव्हते. आपल्या मनात उठणाऱ्या उदात्त शंकांतल्या किती खरोखर उदात्त आहेत आणि किती घराच्या ओढीतून आल्या आहेत, हे ज्याचे त्याने तपासावे, असे त्यात गर्भित आहे. पण विनोबा कोणाकडे बोट दाखवीत नाहीत. गोष्ट न्यायाधीशाची आणि अर्जुनाची राहते, आणि ऐकणारा आपला निष्कर्ष आपण काढतो. संकटात सापडलेल्या समूहाशी कठोर सत्य बोलण्याची ही एक रीत आहे, आणि ती रीत आपल्या कीर्तन-प्रवचनांच्या परंपरेतून आलेली आहे.

तिसरी गोष्ट लेखकूची. ही प्रवचने आज आपल्याला वाचायला मिळतात ती साने गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून. ध्वनिमुद्रण नव्हते, छापण्याचा संकल्प नव्हता. विनोबा बोलत होते ते समोरच्या माणसांसाठी. मराठीला हे चित्र परके नाही. ज्ञानेश्वरांनी सांगावे आणि सच्चिदानंदबाबांनी लिहावे, ही नेवाशाची प्रतिमा आपल्या वाङ्मयाच्या आरंभीच आहे. गीतेशी जोडलेला दुसरा प्रसिद्ध तुरुंग मंडालेचा. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. पण टिळक मायदेशापासून दूर, सहकाऱ्यांवाचून, ग्रंथांच्या संगतीत एकाकी होते. त्यांचा वाचक भविष्यातला होता. विनोबांचा श्रोता हाताच्या अंतरावर होता. ‘गीतारहस्या’तील युक्तिवादाची तटबंदी आणि ‘गीता प्रवचनां’तील बोलके, दृष्टान्तबहुल, छोट्या वाक्यांचे गद्य यांतील फरक केवळ दोन प्रकृतींचा नाही. तो दोन प्रकारच्या तुरुंगवासांचाही आहे.

उतरून घेणाऱ्यावर या कामाचा काय परिणाम झाला असेल? याला प्रत्यक्ष पुरावा देता येणार नाही, पण एक साम्य नजरेत भरते. साने गुरुजी पुढे नाशिकच्या तुरुंगात गेले आणि तिथे ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा मोठा भाग लिहून झाला. १९३५ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची रचना आठवावी. आश्रमातले सोबती प्रार्थनेनंतर जमतात आणि श्याम रोज एक आठवण सांगतो. प्रकरणांना नावच ‘रात्र’ असे आहे. प्रत्येक रात्र आपल्यापुरती पुरी, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावेसे वाटावे अशी. धुळ्यातले रविवार आणि श्यामच्या रात्री यांच्यात कार्यकारणाचे नाते आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ठरावीक वेळी जमणारी माणसे, सांगणारा एक, त्याचे सांगणे गोष्टीवेल्हाळ आणि आईच्या आठवणींनी ओथंबलेले, हा घाट साने गुरुजींनी वर्षभरापूर्वी आपल्या हाताने लिहून काढला होता, एवढे निश्चित. विद्यार्थ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

साने गुरुजींचे उदाहरण नेतृत्वाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. त्या खोलीत बसलेल्या सर्वांत संवेदनशील आणि सर्वांत अस्वस्थ माणसाच्या हाती लेखणी होती. जो मनाने लवकर व्याकुळ होतो त्याच्याकडे अशी जबाबदारी असावी की ती पार पाडताना त्याला स्वतःपेक्षा दुसऱ्याचे शब्द अधिक नीट ऐकावे लागतील. ही योजना कोणी मुद्दाम केली की ती आपोआप घडली, हा प्रश्न गौण आहे. घडले ते हितकर होते.

आता आक्षेपाकडे. बाहेरचा लढा या प्रवचनांनी जिंकला नाही. सविनय कायदेभंग मे १९३३ मध्ये काही काळ स्थगित झाला आणि एप्रिल १९३४ मध्ये गांधीजींनी तो मागे घेतला. समूह टिकविणे आणि समूहाला यश मिळवून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धुळ्यात पहिलीच साधली गेली. त्याच वर्षांत शेजारच्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. तो २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला होता. ज्यांच्यासाठी मंदिराचे दार बंद होते त्यांना स्वधर्म आणि अनासक्ती यांची भाषा कशी ऐकू आली असती, हा प्रश्न ‘गीता प्रवचने’ वाचताना टाळता येत नाही. ज्या ग्रंथाच्या आधारे एक समूह एकत्र येतो, त्याच ग्रंथामुळे कोणीतरी बाहेर राहत असतो.

अधिक अवघड प्रश्न १९७५ चा आहे. आणीबाणी जाहीर झाली तेव्हा विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते. ‘अनुशासन पर्व’ हे त्यांचे दोन शब्द सरकारने घोषवाक्यासारखे वापरले. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटल्यावर अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन, असा भेद त्यांनी केला. पण तोवर सहा महिने लोटले होते आणि त्यांचे कितीतरी सहकारी तुरुंगात होते. धुळ्यात त्यांनी ज्या शिस्तीने माणसांना उभे ठेवले ती शिस्त आणि १९७५ ची घोषणा यांत फरक कशाचा? माझ्या मते उत्तर एवढेच आहे की धुळ्यात ते स्वतः भिंतीच्या आत होते. जे काम सांगत होते ते करत होते, ज्या अनिश्चिततेविषयी बोलत होते ती भोगत होते. शिस्तीचा उपदेश सोबत्याने केला तर आधार होतो. तोच बाहेरून आला, किंवा बाहेरच्याने उचलून वापरला, की त्याचे ओझे होते.

साने गुरुजींनी पुढे वेगळी वाट धरली. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली तेव्हा सारा माफ व्हावा म्हणून त्यांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांचा प्रश्न त्यांनी आपला मानला. मन शांत ठेवण्याची जी विद्या त्यांनी अठरा रविवार लिहून घेतली होती ती मात्र त्यांना शेवटपर्यंत पुरली नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. समूहाला सावरणारी रीत समूहातल्या प्रत्येकाला सावरतेच असे नाही, हे नेतृत्वाचा अभ्यास करणाऱ्याने विसरू नये.

गीतेतला कृष्ण नेता आहे, पण तो सारथी आहे. दोन सैन्यांमध्ये रथ उभा कर असे अर्जुन सांगतो तेव्हा कृष्ण प्रथम ते ऐकतो, रथ तिथे नेतो, आणि मग बोलू लागतो. धुळ्यातल्या प्रवचनकाराने हे नुसते सांगितले नाही. सहकाऱ्यांच्या जागी जाऊन, त्यांचेच काम करून, मग तो बोलला. ‘गीता प्रवचने’ वर्गात शिकविली जातात तेव्हा बहुधा भाषा, दृष्टान्त आणि विचार यांची चर्चा होते. छापील प्रवचनांबरोबर आलेल्या तारखांकडे कोणी पाहत नाही. त्या तारखाही पाठाचाच भाग आहेत. २१, २८, ६, १३, २०, २७ असा तो क्रम ओळीने मोठ्याने वाचावा. उद्याची खात्री नसलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेले आणि पाळलेले अठरा शब्द त्यात आहेत.